गाडीला दोरी लागणार नाही

उस्तादची नजर गेल्यापासून घरातलं काहीही ठरवायचं असलं की धाकटा भाऊ यायचा, खाटेच्या कडेला टेकायचा आणि दोघं मिळून ठरवून टाकायचे. वहिनीनं चहा ठेवावा, आणि कप न्यायला परत यावं तोवर निर्णय होऊन गेलेला असायचा. टाकीची दुरुस्ती, मागच्या खोलीचा भाडेकरू, सगळं असंच. त्या शनिवारी संध्याकाळी गाडीचा नंबर लागला.

गाडी म्हणजे डिझेलची पिकअप. मागच्या हौद्यात तिरक्या लाकडी चौकटी ठोकलेल्या, त्यांना जुन्या घोंगड्यांचं अस्तर, कारण गाडीतून जायची ती काच. दुकानांची दर्शनी तावदानं, खिडक्या, आरसे. आयुष्यभर उस्तादनं काच वाहिली. सगळ्या वस्तीतले ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणायचे, आणि वस्तीला तो उस्ताद तर बायको आपोआप सगळ्यांची वहिनी. मग साखरेच्या आजारानं आधी एक डोळा नेला आणि दुसऱ्यापुढे कायमचं धुकं उभं केलं. त्याला उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं. रस्ता कळायचा नाही.

तेव्हा वहिनी गाडी शिकली. लोक हसले. समोरच्या शिंपीणकाकू तर तोंडावर म्हणाल्या, "काच राहील गं एक वेळ, खड्डा बघून तूच फुटशील." वहिनीनं हसून घेतलं आणि लायसन काढून आणलं. गेलं निम्मं वर्ष तीच माल पोचवत होती. एक आरसा तडकला होता, तोही उतरवणाऱ्या हमालाच्या हातून. काचकारखान्याचा मालक आधी तोंड वाकडं करायचा, आता नाजूक माल असला की "वहिनींची गाडी लावा" म्हणायचा.

पण काही आठवड्यांपासून गाडी चढावर दम टाकायला लागली होती. सपाट रस्त्याला ठीक, चढ आला की जीव अर्धा. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा अधूनमधून डोळे मिचकावायचा. आणि शनिवारी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याची तावदानं घेऊन जाताना ऐन पुलावर गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ. थोडा वेळ थांबल्यावर सुरू झाली, पुन्हा थांबली, पुन्हा सुरू झाली. वहिनीनं माल कसाबसा पोचवला आणि घरी येईपर्यंत तिच्या ब्लाऊजची पाठ घामानं चिकटली होती.

ही बातमी तिच्या आधी दिराकडे पोचली. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या, तोही मालच वाहायचा.

"इंजिनाचं काम निघालंय, दादा," खाटेच्या कडेवरून तो सांगत होता. "उद्या दुपारी येतो, दोरी लावून माझ्या शेडमध्ये ओढून नेतो. दुरुस्त करून माझा ड्रायव्हर बसवतो. घराकडे मी बघेन, ती काळजीच सोड. वहिनींनाही किती पळवायचं आता? पुलावर काही झालं असतं म्हणजे?"

दीर मनानं वाईट नव्हता. भावाच्या डोळ्यांसाठी त्यानं दवाखान्याच्या खेपा घातल्या होत्या. फक्त त्याला एक सवय होती, दुसऱ्याचं ओझं उचलताना त्याची वस्तूही काखेत मारायची.

उस्ताद भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "ने."

वहिनी हातात कप घेऊन दारात उभी होती. "काय ने?"

"गाडी," दीर म्हणाला.

"मला कोणी विचारलं?"

उस्तादच म्हणाला, "विचारायचं काय त्यात? गाडी संपली. माझ्यासारखीच. नेऊ दे त्याला."

वहिनीनं कप मोरीत ठेवले ते एवढ्या जोरानं की एकाचा कान उडाला. दीर गेला. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "गाडी संपलेली नाही. तिला श्वास पुरत नाहीये. तुम्ही दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात अंगणात बसून डिझेलचे फिल्टर बदलायचात. तुमचे डोळे गेल्यापासून बदललेत कोणी?"

उस्तादचा घास हातातच राहिला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या हातात पाने कोण देत होतं इतकी वर्षं?"

"पाना देणं वेगळं आणि पाना फिरवणं वेगळं."

"उद्या बघू ना वेगळं किती आहे ते," वहिनी म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती स्पेअर पार्टच्या दुकानासमोर उभी. दुकानदारानं शटर वर केलं, तिला पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "कोणी पाठवलं?"

"माझ्या पायांनी. डिझेलचे दोन्ही फिल्टर द्या. चॅसीवरचा, खाली पाणी साठतं तो, आणि इंजिनावरचा छोटा."

त्यानं खोकी काढली. "बसवणार कोण?"

"मी."

"वहिनी, मिस्त्री पाठवतो ना. आज नाही, बुधवारी मोकळा आहे तो."

"बुधवारी त्याला चहाला पाठवा. आज फिल्टर द्या."

दुकानदार हसला, खोकी पुढे सरकवली. तिनं दोन्ही खोकी उघडून आतल्या रबरी रिंगा आहेत का ते बोटानं चाचपून पाहिलं, पिशवीत टाकली आणि निघाली.

घरी आली तर उस्ताद आतल्या खोलीत. दार लोटलेलं. त्याच्या रुसण्याचा आवाज होत नसे, पण तो घरभर ऐकू यायचा. वहिनीनं दार ठोठावलं नाही. जुना गाऊन अंगात चढवला, केस फडक्यात बांधले, चाकांमागे विटा लावल्या आणि हत्यारांची पेटी अंगणात ओढत आणली.

कालपासून उभी असलेली गाडी थंडगार होती. वहिनी पोत्यावर पाठ टेकून ड्रायव्हरच्या बाजूनं खाली सरकली. चॅसीच्या लोखंडी सांगाड्याच्या आतल्या अंगाला मोठा फिल्टर लटकला होता, चिखलाच्या थराखाली. आधी तिनं ब्रशनं सगळं झाडलं. उघडताना कचरा आत गेला तर बदलून उपयोग काय? मग खाली तेलाचा कापलेला डबा धरला आणि फिल्टरच्या बुडाची तोटी सैल केली. डिझेल यायच्या आधी जे आलं ते पाहून ती स्वतःशीच म्हणाली, "अरे देवा." गढूळ, तांबूस पाणी. डब्यात ते तळाशी बसलं आणि वर डिझेलचा थर तरंगायला लागला. पिवळा दिवा इतके दिवस बिचारा हेच ओरडून सांगत होता.

तोटीजवळची वायर तिनं खटका दाबून काढली. आता फिल्टर फिरवायचा. पट्ट्याचा पाना अडकवला, ओढला. पट्टा घसरला. पुन्हा अडकवला, पाय चाकाला लावून ओढला. पट्टा पुन्हा घसरला आणि तिचं कोपर चॅसीवर आपटलं, हाताला झिणझिण्या आल्या. फिल्टर जसा होता तसा, जागचा हलायचं नाव नाही. डिझेल मनगटावरून काखेत ओघळलं.

"जमतंय का गं?" फाटकाबाहेरून शिंपीणकाकूंचा आवाज आला. रविवार असल्यानं मशीन बंद होतं, तेव्हा गल्लीची शिलाई तोंडानं चालली होती.

"नाही जमत अजून."

"मग सोड ना. दीर येणारच आहे म्हणे."

"म्हणूनच सोडत नाही, काकू."

ती बाहेर आली, उघड्या नळाखाली हात धरले आणि विचार करत उभी राहिली. पट्टा घसरतो, कारण पत्रा तेलकट आणि गुळगुळीत. त्याला खरखरीत काहीतरी हवं. काचेच्या कडा घासायचा पॉलिशपेपर हौद्यात पडलेला असायचाच. तिनं एक पट्टी फाडली, फिल्टर कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसला, पेपरची खरखरीत बाजू पत्र्याला लावून त्यावर पट्टा आवळला आणि सगळं अंग पान्यावर टाकलं. फिल्टरनं कुरकुर केली. आणखी जोर. मग कर्र असा आवाज करून तो सुटला, आणि वहिनीच्या तोंडून एक शिवी निघाली. ती इतकी मनापासून होती की फाटकाबाहेर काकूंनी पदर तोंडाला लावला.

नवा फिल्टर बसवायला वेळ लागला नाही. जुनी रिंग फिल्टरबरोबरच निघाली होती. बसायची जागा तिनं पुसली, नव्या रिंगेला डिझेलचं बोट फिरवलं, हातानं आवळला, वायर जोडली. पाना लावला नाही. फिल्टर हातानंच आवळायचा, पुढच्या वेळी काढणाऱ्याच्या शिव्या खायच्या नसतील तर, असं उस्ताद म्हणायचा.

बॉनेट उचलून तिनं इंजिनावरचा छोटा फिल्टर हाती घेतला. तो लोण्यासारखा फिरला. हायसं वाटतंय तोवर फाटकाशी भोंगा वाजला. दीर ठरल्यापेक्षा लवकर आला होता. मोठी गाडी, मागे दोरीचं वेटोळं. वहिनीचा हात घाईला आला. जुना फिल्टर डब्यात टाकला, नवा उचलला आणि भराभर आवळला.

"वहिनी!" दीर अंगणात आला आणि तिचा अवतार बघून थबकलाच. "हे काय चालवलंय? इंजिन खोललं का?"

"फिल्टर बदलले, भावजी. झालंच."

"अहो, फिल्टरनं काय होणार? पंप गेलाय, मी लिहून देतो."

"लिहायचं नंतर. आधी बघू."

तिनं इंजिनावरचा हातपंप दाबायला सुरुवात केली. रिकाम्या झालेल्या फिल्टरांत डिझेल भरून हवा बाहेर निघाली की पंप हाताला कडक लागायला हवा. ती दाबत राहिली. अंगठा दुखायला लागला. पंप मऊच. भरलं तेवढं पुरे म्हणून ती सीटवर चढली आणि सेल्फ मारला. इंजिन नुसतं घुमलं. पुन्हा मारला. पुन्हा घुमलं. चौथ्या-पाचव्या खेपेला सेल्फचा आवाजही जड झाला.

"बॅटरीही घालवाल," दीर म्हणाला. त्याचा आवाज आता समजावणीचा झाला होता आणि वहिनीला तोच जास्त झोंबला. "उतरा खाली. हौस भागली ना? काय कमी पडू दिलंय मी तुम्हाला? हा हट्ट कुणासाठी?"

वहिनी उतरली. कोपर सुजलं होतं, डोळ्यांत डिझेलचा झणका होता आणि अंगणात तिच्याकडे बघणाऱ्यांची संख्या वाढली होती. क्षणभर तिला वाटलं, बसावं खाली आणि म्हणावं, न्या. मग दीर दोरी सोडवायला वळलेला दिसला, आणि ते वाटणं गेलं.

"दोरीला हात लावू नका," ती म्हणाली.

"वहिनी..."

"सांगितलं ना. गाडीला दोरी लागणार नाही."

"दादानं शब्द दिलाय मला."

"दादानं दिला असेल. मी दिलेला नाही."

तेवढ्यात घराच्या दारातून आवाज आला. "गप्प बसा दोघंही." भिंतीला हात लावत उस्ताद पायरीवर आला होता. "पंप दाब पुन्हा."

"कशाला, दादा? ऊन आहे, आत जा तू."

"तू गप्प. दाब गं."

वहिनीनं दाबला. उस्ताद मान तिरकी करून ऐकत होता, जणू दूरवरून कोणी त्याचं नाव घेतंय.

"अजून एकदा. ऐकलंस? तू दाबतेस आणि खालच्या पत्र्यावर थेंब पडतो. बाहेर डिझेल येतं म्हणजे त्याच वाटेनं आत हवा जाते. कुठून येतंय ते मला दिसणार नाही. तू बघ."

वहिनी वाकली. नव्या छोट्या फिल्टरच्या गळ्याशी ओली, चमकणारी कड. आवळून बघितला, आणखी फिरेना. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं डब्यातला जुना फिल्टर बाहेर काढून उलटा केला. त्याच्या तोंडाला रिंगच नव्हती.

"मेली वरच चिकटून राहिली," ती म्हणाली. भोंग्याच्या घाईत तिनं वर बोट फिरवलंच नव्हतं. नवा फिल्टर खोलला, तर वर जुनी रिंग, काळी, चपटी, जागेशी एकरूप झालेली. एकावर एक दोन रिंगा. तिनं नखानं ती खरवडून काढली, जागा पुसली आणि फिल्टर पुन्हा बसवला, या वेळी सावकाश. दीर शेजारी उभा आहे की नाही हे तिनं पाहिलंही नाही.

पंप दाबला. मऊ. दाबला. मऊ. मग अंगठ्याखाली काहीतरी घट्ट होत गेलं, आणि शेवटी पंप दगडासारखा झाला.

"थेंब?" तिनं विचारलं.

"नाही," उस्ताद म्हणाला.

ती सीटवर चढली. सेल्फ मारला. इंजिन घुमलं, एकदा खोकलं, थांबलं. पुन्हा मारला. खोकलं, धडपडलं, पांढऱ्या धुराचा भपकारा सोडला आणि अडखळत अडखळत लागलं. वहिनीनं ॲक्सिलेटरवर पाय जरासा टेकवून ठेवला. हळूहळू अडखळणं संपलं, धूर विरला आणि सगळं अंगण त्या ओळखीच्या घरघरीनं भरलं. काकूंनी फाटकाबाहेर टाळी वाजवली आणि मग दिराकडे बघून हात मागे घेतले.

दीर हसला. मोकळेपणानंच हसला. "मानलं, वहिनी. चांगलंच झालं, दोरीचं काम नाही. उतरा, मी चालवतच नेतो."

वहिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"शेडमध्ये. ठरलंय ना आमचं? गाडी बंद होती म्हणून थोडंच ठरलं होतं? तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून ठरलं."

म्हणजे इंजिन दुरुस्त होवो न होवो, गाडी जाणारच होती. वहिनी दिराकडे पाहत राहिली. तिचा राग ओसरला आणि त्या जागी काहीतरी थंड, टणक येऊन बसलं. तिनं दार ओढून घेतलं, काच खाली केली.

"भावजी, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत, ते मी विसरणार नाही. पण उद्या सकाळी शाळेच्या खिडक्यांचा माल आहे, तो मी नेणार. परवाचा पण मीच. माझ्या जिवाला त्रास होईल तेव्हा मी सांगेन. माझ्या तोंडानं. फाटकासमोरची गाडी काढा."

"कागदावर दादाचं नाव आहे."

"हो. आणि स्टिअरिंगवर माझे हात आहेत."

"दादा, तू सांग हिला!"

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. वहिनीनं त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यानं हो म्हटलं असतं तरी ती उतरणार नव्हती, आणि नाही म्हटलं असतं तरी ते उपकार म्हणून घ्यायची तिची तयारी नव्हती.

"अहो, मी चढावर गाडी बघून येते," ती म्हणाली. "यायचं तर या. काल मला न विचारता जे ठरवलंत त्याचं घरी आल्यावर बोलू, ते सुटलेलं नाही."

उस्ताद पायरी उतरला. गाडीच्या नाकाला हात लागला, तसा चाचपत डाव्या बाजूला गेला. दाराचं हँडल सापडायला वेळ लागला. दीर मदतीला पुढे झाला तसा त्यानं त्याचा हात बाजूला केला. "तिला जाऊ दे रे," तो भावाला म्हणाला. "मी शब्द द्यायला नको होता, दिला." मग आत चढून बसला. आजवर तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. गुडघे कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना.

दिराची गाडी फाटकासमोर आडवी तशीच उभी होती. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वहिनीनं भोंगा वाजवला. एकदा, मग तळहात ठेवून लांब. पलीकडच्या गच्चीवर माणसं आली. दीर हलला नाही. तिनं इंजिन बंद केलं नाही, भोंगाही सोडला नाही, आणि नजरही. शेवटी शिंपीणकाकूच पुढे झाल्या. "काढ रे बाबा गाडी! ती ऐकायची नाही, आणि आमचे कान जातील." कोणीतरी हसलं. दीर लालबुंद झाला, गाडीत चढला आणि मागे घेतली. जाताना त्यानं दार आपटलं. रागावलेल्या माणसासारखं नव्हे, दुखावलेल्या माणसासारखं आपटलं, हे वहिनीला कळलं, पण ती थांबली नाही.

त्यानंतर कितीतरी महिने तो घरी आला नाही. आला तेव्हा चहा मागून प्यायला आणि गाडीचा विषय काढला नाही. कोणीच काढला नाही.

पण त्या दुपारी वहिनी पुलाच्या चढाला लागली. कालपर्यंत गाडी जिथे मान टाकायची ते वळण आलं. तिनं पाय दाबला. इंजिन एका सुरात ओढत राहिलं, कुठे अडखळ नाही, कुठे उसासा नाही. पिवळा दिवा विझलेला. शेजारून रिकामी बस चालली होती, तिच्या पुढे गाडी सरकली.

"तिसऱ्या गिअरात चढवतेस," उस्ताद म्हणाला. इतका वेळ तो खिडकीच्या चौकटीला धरून बसला होता. "दुसरा टाक. काच भरलेली असताना इथे दुसराच लागतो."

"आत्ता काच नाहीये."

"सवय लागते."

"मला माझी सवय लागलीये. मी रोज चढते हा पूल."

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस ते पण कळतंय मला."

"अहो, बडबड केलीत तर इथेच पुलावर उतरवीन."

उस्तादनं तोंड खिडकीकडे वळवलं. पण चढ संपून उतार लागला तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "उद्या शाळेचा माल किती वाजता?"

"सकाळी. का?"

"चौकटी बांधायच्या दोरांच्या गाठी मला बघाव्या लागत नाहीत. हातानं येतात."

वहिनीनं लगेच हो म्हटलं नाही. समोर सिग्नल होता. तिनं गाडी उभी केली, सुजलेलं कोपर खिडकीत टेकवलं आणि म्हणाली, "या. पण गाडी माझी, आणि ओरडायचं नाही." दिवा हिरवा झाला तशी तिनं क्लच हळूहळू सोडला.